नदीवर काय काम आहे?

(ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातल्या महिला गटांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजक मैत्रिणींनी मला विषय दिला तो असा : 'बसने जाऊन करता येतील अशा नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या सोप्या फेऱ्या.' सकाळच्या सत्रात आपण पोटगीच्या केसेसवर बोललो. जेवणानंतर रेशनकार्डावर चर्चा आहे. आणि मध्येच ही बाई उभी राहून फिरायला कुठे जावं ते सांगणार! तुमच्यातल्या काहीजणी मनात हसत असतील. हसा. आमच्या गटातही एका बैठकीत हा प्रश्न आला होता. आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने सरळ विचारलं, "आपण आता सहली काढणारं मंडळ झालो का?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज द्यायचा प्रयत्न करते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येत होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, पोटगीचा अर्ज करायचा होता. एका दुपारी कागदांवर सह्या झाल्या, काम संपलं. ती उठेना. म्हणाली, "ताई, आता लगेच घरी नको. भाऊजय विचारत बसेल. जरा कुठेतरी बसू या का?" आता दुपारी तीन वाजता कल्याणमध्ये दोन बायकांनी कुठे बसायचं? हॉटेलात बसलं तर चहा संपला की पोऱ्या फडकं घेऊन उभा. बागेला दुपारी कुलूप. देवळाचं दार बंद. स्टेशनच्या बाकावर बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी शेजारी येऊन खेटतं. शेवटी भिवंडीकडे जाणारी बस दिसली, तीत चढलो आणि दुर्गाडीला उतरलो. खाडीच्या काठाला जाऊन बसलो. ती तासभर एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "लग्न होऊन अठरा वर्षं झाली कल्याणात. इथे एवढं पाणी आहे हे मला माहीतच नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अठरा वर्षं जी बाई पाण्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहिली, तिला ते कुणी दाखवलं नाही, आणि तिला जाऊन बघायची सवड किंवा मुभा मिळाली नाही. मग मी गटात विचारलं, आपल्यापैकी कितीजणींनी दुर्गाडीची खाडी बसमधून नव्हे, उतरून पाहिली आहे? चौदाजणींत तीन हात वर आले. तिघींपैकी दोघी गणपती विसर्जनाला गेल्या होत्या.

आता आपल्या गावांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उल्हास नदी बोरघाटाजवळ राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. वाटेत बारवी मिळते, कल्याणच्या आसपास भातसा आणि काळू येऊन मिळतात. कल्याणपासून भरतीचं पाणी लागतं आणि नदीची खाडी होते. डोंबिवलीच्या पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावरून, मुंब्र्यावरून ती ठाण्याकडे जाते. ठाण्याजवळून एक वाट घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जाते आणि दुसरीकडे ठाण्याची खाडी मुंबई बंदराच्या दिशेने पसरली आहे. म्हणजे आपण सगळ्याजणी एकाच पाण्याच्या काठावर राहतो. मोहिली, शहाड, जांभूळ इथे याच नदीचं पाणी उचललं जातं आणि आपल्या नळांना येतं. सकाळी नळाला पाणी आलं नाही तर हंडा घेऊन धावणारी बाईच असते. पण ते पाणी येतं कुठून हे विचारलं तर आपण म्हणतो, "टाकीतून."

पूर्वी असं नव्हतं. माझी आजी मुरबाडकडची. नदीवर जाणं हा तिच्या दिवसाचा भाग होता. धुणं, पाणी, भांडी, गुरं. ते कष्टाचं काम होतं, त्याचे गोडवे मी गाणार नाही. ओलं धुणं डोक्यावर घेऊन चढ चढताना तिची कंबर गेली ती शेवटपर्यंत. पण नदीवर बायका एकमेकींना भेटत. कुणाला मार पडला, कुणाची पाळी चुकली, कुणाच्या सासूने उपाशी ठेवलं, हे सगळं तिथे कळत असे. नळ आला, फार चांगलं झालं, तो आणखी यायला हवा. पण नळाबरोबर बाई घरात गेली आणि काठ बापयांचा झाला. संध्याकाळी जाऊन बघा. पत्ते, बाटल्या, मोटारसायकली. म्हणजे नदीवर बाईला जागा होती ती काम करण्यापुरती. काम संपलं, जागा संपली. आणि आजही आपण निघालो की घरातून हाच प्रश्न येतो, "नदीवर तुझं काय काम आहे?"

आणि पाण्याच्या काठावर कुणी जायचं, कुणी नाही, हा काही साधा प्रश्न कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यापर्यंत चालत गेली ती काही तहान लागली म्हणून नव्हे. आमच्या गटातल्या एका मावशींनी हे मला ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजीला नदीवर मैत्रिणी भेटत होत्या. माझ्या आजीचा पाणवठा खालच्या अंगाला, वेगळा होता. तेवढं पण सांग भाषणात." तर तेही सांगते आहे. नदीकाठच्या गप्पा सगळ्या बायकांच्या एकत्र नव्हत्या. आज आपण बसने एकत्र जातो आणि एकाच पायरीवर बसून एकमेकींच्या डब्यातलं खातो, ही त्या मानाने नवी गोष्ट आहे.

कल्याणचंच दुसरं उदाहरण. डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या. बालपण इथलं. त्या पेनसिल्व्हेनियातून १८८६ साली डॉक्टर झाल्या हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. पण परदेशी जाण्याआधी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी एक जाहीर भाषण केलं, मी अमेरिकेला का जाते या विषयावर. तेव्हा त्यांचं अठरावं वर्ष चालू होतं. त्या भाषणात त्या मुंबईतल्या आपल्या शाळेच्या वाटेबद्दल बोलल्या. लोक भोवती जमत, हसत, प्रतिष्ठित म्हणवणारे ओसरीत बसून शेरे मारत, खडे फेकायलाही कमी करत नसत. एक मुलगी पुस्तकं घेऊन रस्त्याने चालते, एवढाच तिचा गुन्हा. आनंदीबाईंच्या शिक्षणाबद्दल आपण खूप बोलतो. त्यांच्या चालण्याबद्दल फारसं बोलत नाही.

आपण चाललो नाही असं नाही. १९७२ पासूनच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आपणही किती मोर्चे काढले. मोर्चात चालायला आपल्याला भीती वाटत नाही. कारण मागणी असते, बॅनर असतो. बॅनरशिवाय, पिशवीशिवाय, मुलाचं बोट धरल्याशिवाय नुसतं चालायचं म्हटलं की पाय अडखळतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं. मुंबईच्या रस्त्यांवर बाई कशी वावरते याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाई रस्त्यावर सतत कामात असल्याचं दाखवत असते. हातात पिशवी, कानाला फोन, पावलं भरभर. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मिळाला तरच शहर तिचं झालं म्हणता येईल. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दुर्गाडीच्या तासाभराचा अर्थ लागला.

आता फेऱ्यांकडे वळते. आम्ही केलेल्याच सांगणार आहे. सगळ्या सपाट आहेत, चपला घालून करता येतात, आणि गुडघेदुखीवालीलाही जमतात.

पहिली, कल्याणची. कल्याण पश्चिमेहून भिवंडीकडे जाणारी कुठलीही बस दुर्गाडीवरून जाते. लाल चौकी गेली की उतरायची तयारी करायची. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं, त्यानंतर हा किल्ला उभा राहिला आणि इथेच स्वराज्याच्या आरमाराच्या जहाजबांधणीला सुरुवात झाली असं इतिहास सांगतो. किल्ल्यावर देवीचं देऊळ आहे, मागे इदगाह आहे. सणाच्या दिवसांत पोलिसांचा बंदोबस्त असतो, ते दिवस टाळावेत. आम्ही वर न जाता खाली गणेश घाटाच्या बाजूने खाडीकाठी चालतो. पाऊण तास पुरतो. हौस असेल तर तिथून गांधारीकडे जावं. तिकडे नदीच्या बाजूने रिंग रोडचा तुकडा आहे, सकाळी आणि संध्याकाळी लोक चालायला येतात, त्यामुळे एकटं वाटत नाही.

दुसरी, डोंबिवलीची. पश्चिमेला स्टेशनवरून मोठागाव रेतीबंदर. बस नसली तर चालतही जाता येतं. नाव रेतीबंदर, कारण खाडीतून काढलेली रेती इथे उतरत असे. माणकोलीकडे जाणारा पूल झाल्यापासून गाड्या वाढल्या आहेत, तेव्हा रस्ता ओलांडताना जपून. पण पलीकडे कांदळवन आहे, दिवा-वसई मार्गाची गाडी पुलावरून जाताना दिसते, आणि ओहोटीला चिखलात बगळे उतरतात. आमच्यातली एकजण सव्वीस वर्षं सकाळी सात बावीसची लोकल पकडून नोकरीला जात होती. भाजी गाडीत निवडायची, डुलकी गाडीत काढायची. निवृत्त झाल्यावर ती पहिल्यांदा रेतीबंदरला आली. म्हणाली, "मला वाटायचं डोंबिवलीला फक्त पूर्व, पश्चिम आणि प्लॅटफॉर्म आहे."

तिसरी, टिटवाळ्याची. कल्याणहून बस आहे, लोकलही आहे. गणपतीचं देऊळ सगळ्यांना ठाऊक. देवळापर्यंत आलेली गर्दी काळू नदीकडे फारशी जात नाही. मंगळवार आणि अंगारकी सोडून गेलं तर काठ शांत मिळतो. या फेरीवरून आमच्यात भांडण झालं होतं, ते पुढे सांगते.

चौथी, एसटीची. कल्याण-मुरबाड गाडीने रायत्याला उतरायचं. उल्हासचा पूल. पावसाळ्यात इथे जाऊ नका, नदी चढली की पूल पाण्याखाली जातो. दिवाळीनंतर जावं. उन्हाळ्याच्या तोंडाला या नदीवर ठिकठिकाणी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दुरून छान दिसतो. पण नदीत सांडपाणी सोडलं जातं त्यावर तो पोसतो, हे तिथे उभं राहून सांगितलं की बायकांना चटकन कळतं. पोस्टर लावून एवढं कळत नाही.

पाचवी आणि सहावी ठाण्याच्या मैत्रिणींसाठी. ठाणे स्टेशनहून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीकडे किंवा मीरा रोडकडे जाणाऱ्या बसने गायमुखला उतरायचं. खाडी आणि डोंगर दोन्ही तिथे जवळ येतात. वाहतूक तुंबते, तेव्हा परतीला तासभर जास्त धरा. दुसरी फेरी ऐरोलीकडची. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळा ते उन्हाळा या काळात रोहित पक्षी असतात. बोटीचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही, पण काठावरून बघायला पैसे पडत नाहीत. आणि वेळ उरला तर ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाड्यातून चक्कर मारा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, १८५४ मध्ये ती खाडी ओलांडून कल्याणला गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून कोळीणी या खाडीवर पोट भरत होत्या. त्यांना खाडीवर काय काम आहे असं कुणी विचारत नाही. पण खाडीत मासळी उरली नाही तर त्यांनी काय करायचं, हेही कुणी विचारत नाही.

एक सातवी फेरी आहे. तिला मी सोपी म्हणणार नाही. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ चं म्हणजे १०६० सालचं, वालधुनी नदीच्या काठी आहे. देऊळ बघून डोळे निवतात आणि नदीकडे वळलं की नाकाला पदर लावावा लागतो. ही नदी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असा प्रवास करते आणि बरेच लोक तिला नालाच म्हणतात. तिच्या आणि उल्हासच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, २०१५ मध्ये मोठा दंडही झाला. पुढे उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. आम्ही तिथे उभ्या राहून हे बोलत होतो, तर गटातली एकजण गप्प होती. ती उल्हासनगरची, घरी बसून जीन्सचे धागे कापायची, नगावर पैसे. कारखाने हलले तसं तिचं काम गेलं. ती म्हणाली, "नदी साफ व्हायला पाहिजे, मी कुठे नाही म्हणते? पण माझे पैसे कोण देणार ते पण बोला." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण हा प्रश्न सभागृहात पडला नव्हता. नदीच्या काठावर पडला.

आता टिटवाळ्याचं भांडण. टिटवाळ्याच्या फेरीला नेहमी सगळ्यांत जास्त बायका येत. आम्ही खूश होतो. एकदा एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "मावशी, रेतीबंदरला तुम्ही का येत नाही?" ती मावशी पोळीभाजीची कामं करते, वय पन्नाशीपुढे. म्हणाली, "टिटवाळ्याला जाते सांगितलं की घरातून कुणी काही बोलत नाही. गणपतीला चालली म्हणतात. रेतीबंदरला जाते असं कसं सांगू? मुलगा म्हणेल, तिथे काय काम आहे?" मग एकेक जण बोलू लागली. निम्म्याहून जास्तजणी घरी देवाचं नाव सांगून येत होत्या. मुलगी चिडली. म्हणाली, आपण स्त्रीमुक्तीच्या गोष्टी करतो आणि फिरायला जायला देवाचा पास काढतो! मावशीही चिडली. म्हणाली, तुला घरी कुणी मारत नाही म्हणून तू बोलतेस. आणि मग कोपऱ्यात बसलेली आमची एक मुस्लिम मैत्रीण हळूच म्हणाली, "मला तर तो पासही चालत नाही. मी शिवणाच्या ऑर्डरला जाते सांगून येते."

त्या दिवशी फेरी झालीच नाही, दोन तास नुसती चर्चा झाली. मी माझं मत सांगते. खोटं बोलायला कुणाला सांगू नये आणि खोटं बोलणारीला कुणी कमी लेखू नये. कुणाला किती किंमत मोजावी लागते हे तिचं तिलाच माहीत. आम्ही एक ठरवलं. घरी काय सांगायचं ते प्रत्येकीने ठरवावं, पण गटात खरं सांगायचं. आणि जिला घरी खरं सांगायचं आहे पण धीर होत नाही, तिच्याबरोबर दोघींनी घरी जायचं, चहा प्यायचा आणि सहज सांगायचं की आम्ही गुरुवारी खाडीवर जातो, ही पण येते. सहा घरी गेलो. चार ठिकाणी काही झालं नाही, नुसतं 'बरं' म्हणाले. एका ठिकाणी सासूच म्हणाली, "मला नेता का?" ती आता आमच्या नियमित सभासदांत आहे. सहाव्या घरी दार लावून घेतलं. ती बाई दोन महिने आली नाही. नंतर आली, आणि ते कसं झालं हे तिने अजून सांगितलेलं नाही. आम्हीही विचारलेलं नाही.

मुलाला खाडीवर जाते असं शेवटी त्या पोळीभाजीवाल्या मावशीनेही सांगितलं. तो म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस? संध्याकाळी घ्यायला आलो असतो." मावशी आम्हाला म्हणाली, "घ्यायला येतो म्हणाला, ते चांगलंच. पण मला घ्यायला कुणी यायला नको आहे गं." यावर त्या दिवशी आम्ही सगळ्या हसलो, आणि मग जरा वेळ गप्प झालो.

गुरुवार म्हटलं, त्याचंही कारण सांगते. आम्ही नोकरदार बायकांनी सुरुवातीला रविवार ठरवला होता. घरकामगार मैत्रिणी येईनात. आम्हाला वाटलं त्यांना आवड नाही. मग कळलं, रविवारी मालकिणीकडे पाहुणे असतात, काम दुप्पट. त्यांना मोकळी वेळ म्हणजे दुपारी दोन ते पाच, सकाळची कामं संपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. म्हणून आता महिन्यातून एक रविवार आणि एक गुरुवार दुपार. वेळ कुणाच्या सोयीने ठरते हा आपल्या सगळ्याच कार्यक्रमांना विचारण्यासारखा प्रश्न आहे.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. वहीत लिहून घ्या.

एक, पैसे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. महापालिकांच्या बससेवा वेगळ्या. ठाण्याची १९८९ मध्ये सुरू झाली, कल्याण-डोंबिवलीची १९९९ मध्ये. त्यांच्या सवलतींचे नियम एसटीचे नाहीत, तेव्हा वाहकाला विचारून तिकीट काढा. जिच्याकडे पैसे नसतील तिचं तिकीट गटाच्या डब्यातून, आणि ते कुणी वहीत नावाने लिहायचं नाही.

दोन, भरती-ओहोटी. खाडीवर जाताना हे बघायचंच. कोळी लोकांचा साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमारास. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा, खाडीत आत कल्याणपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतील तर खाली उतरायचं नाही. ओहोटीच्या चिखलात पाय घालायचा नाही. पाण्यात उतरणं आमच्या फेरीत पूर्ण बंद. जून ते सप्टेंबर नदीकाठ बंद, त्या महिन्यांत आम्ही ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती चालतो.

तीन, परतीची बस. जाताना वाहकाला शेवटच्या बसची वेळ विचारायची आणि तिच्या आधीची बस पकडायची.

चार, लघवी. हसू नका, ही सगळ्यांत मोठी अडचण आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी निघायच्या आधी पाणी पीत नाहीत. उन्हात चालायचं आणि पाणी प्यायचं नाही, मग डोकं दुखतं, लघवीला जळजळतं. एका घाटावर स्वच्छतागृह बांधलेलं आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे तीन ठिकाणी विचारूनही कळलं नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टु पी' म्हणून मोहीम चालली, त्यात आपल्यासारख्याच संस्थांच्या बायका होत्या. आपल्या घाटांसाठीही हे करावं लागेल.

पाच, त्रास देणारे. एकदा काठावर चार तरुण बसले होते. शेरे मारू लागले. आम्ही पाचजणी होतो. आम्ही उठून निघून आलो आणि घरी येऊन वाईट वाटलं. पुढच्या वेळी आम्ही सतराजणी गेलो. त्याच पायऱ्यांवर बसलो, डबे उघडले. पोरं तिथेच होती. एका आजींनी त्यांच्यापुढे लाडवाचा डबा धरला आणि विचारलं, "कुठल्या शाळेत होतास रे?" दोघांनी लाडू घेतले, चौघेही गेले. प्रत्येक वेळी लाडवाने भागणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून पोलिसांचा ११२ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत आम्ही पाचपेक्षा कमीजणी कधी गेलो नाही. पण आमची इच्छा अशी आहे की एक दिवस कुणीही एकटी जावी आणि तिला सतराजणींची गरज पडू नये.

यातून आमच्या मागण्या तयार झाल्या आहेत. घाटांवरची स्वच्छतागृहं उघडी हवीत आणि किल्ली कुणाकडे ते पाटीवर लिहिलेलं हवं. संध्याकाळी दिवे हवेत. बसायला बाक हवेत, पाठ टेकता येईल असे. बागांना दुपारी कुलूप नको, कारण घरकामगार बाईची मोकळी वेळ दुपारचीच असते. नदी-खाडीकडे जाणाऱ्या थांब्यांवर बसचं वेळापत्रक हवं. आणि काठ सुशोभित करताना तिथे राहणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायांना हुसकून लावून आमच्यासाठी बाक टाकू नयेत. ही शेवटची मागणी चर्चेत सगळ्यांत उशिरा आली, म्हणून ती आवर्जून सांगते.

आता त्या जुन्या कार्यकर्ती मैत्रिणीला उत्तर. हो, आम्ही सहली काढतो. आमच्याकडे केस घेऊन आलेली बाई आम्हाला तिच्या दुःखात भेटते. कागदावर तिचं वय, मुलं, मारहाणीची तारीख एवढंच येतं. काठावर बसल्यावर कळतं की तिला गाता येतं, तिला शाळेत गणितात पैकीच्या पैकी मार्क होते, तिला बोटीत बसायची भीती वाटते. आणि तिला स्वतःलाही ते बऱ्याच वर्षांनी आठवतं. जी बाई दुर्गाडीला माझ्याबरोबर गप्प बसली होती, तिची केस दोन वर्षं चालली. प्रत्येक तारखेनंतर ती घरी जायच्या आधी खाडीवर जात असे. आधी माझ्याबरोबर, मग बहिणीबरोबर, मग एकटी. पोटगी मंजूर झाली ती तिने मागितली त्याच्या निम्मी. त्या दिवशी मी तिला विचारलं, "चल, सोडू का घरी?" ती म्हणाली, "नको ताई, मी बसने जाते. आधी जरा खाडीवर बसेन."

"काय काम आहे?" असं मी विचारलं नाही.

पुढची फेरी येत्या गुरुवारी, मोठागाव रेतीबंदर. डोंबिवली पश्चिमेला स्टेशनबाहेर दोन वाजता भेटू. पाण्याची बाटली, टोपी किंवा रुमाल, बसला सुटे पैसे. डबा आणलात तर दोन घास जास्तीचे आणा. रेशनकार्डाच्या सत्राला उशीर होतोय, म्हणून इथेच थांबते.